दहाव्या गाळ्यापुढची रांग

हॅलो?… हॅलो?… हो, हो, जळगावच. सोसायटीचं ऑफिस… मीच लावलाय हो ट्रंक कॉल, धुळ्याचा… प्रमिलाबाई. पुष्पाबाईंना बोलवायला सांगितलं होतं, वकिलांच्या घरी फोन आहे, त्या शेजारीच राहतात… आल्या? मग जोडा ना बाई, जोडा!

हॅलो? पुष्पा?… अगं मी. वहिनी… हो, जळगावहून… नाही नाही, सगळे बरे आहेत. तुझे दादा ठणठणीत आहेत, सकाळी दोन भाकरी आणि ठेचा खाऊन ऑफिसला गेले… अगं कोणी गेलं-बिलं नाही! ट्रंक कॉल आला की कोणीतरी गेलंच पाहिजे का?… आधी पाणी पी, मग बोल. नाही, थांब, पाणी नको पिऊस, तीनच मिनिटं आहेत.

कुठे होतीस? इतका वेळ लागला… भाजीला? आणि तिथूनच थेट फोनवर? बरं, पिशवी खाली ठेव आणि ऐक. आज तुला साडेबाराच्या गाडीने इकडे यायचंय… आज… हो, आज म्हणजे आजच… अगं ऐक ना! भाईदासभाऊंचीच गाडी आहे, धुळे-भुसावळ. नवरा गाडी चालवतो आणि तू मला विचारतेस जागा मिळेल का?… पारोळा, एरंडोल करत तीनपर्यंत पोचशील. पाचला कमिटीची मीटिंग आहे, त्याच्या आत तुझी सही हवी.

कशावर काय, अर्जावर. गाळ्याच्या… गिरणीसाठी… हो. पिठाची गिरणी. तुझी.

पुष्पा?… हॅलो?… आहेस का?… मग बोल ना काहीतरी.

ही टकटक कसली येतेय गं मधेमधे?… तुलाही येतेय? मला तर कानात ठोकल्यासारखी येतेय… जाऊ दे, या लाइनीचं हे नेहमीचंच.

हं, पहिल्यापासून सांगते. आमची कॉलनी तुला माहितीच आहे… नाही, तू वास्तुशांतीला आली होतीस तेव्हा नुसती माती होती. आता दहा गाळे उभे राहिलेत. सगळं आधी नकाशावर ठरलेलं बरं का. पुण्याचे साहेब आले होते, थर्माकोलची कॉलनी करून आणली होती त्यांनी, स्पंजाची झाडं लावलेली. बाग इथे, शाळा तिथे, पाण्याची टाकी कोपऱ्यात, आणि मधोमध दुकानं. रस्ते इतके सरळ की चालताना आपलीच आपल्याला लाज वाटते. आणि कोणत्या गाळ्यात कोणतं दुकान, हे ठरवायला कमिटी. अध्यक्ष तोतारामभाऊ. भुसावळला रेल्वेत गार्ड होते ते. रिटायर झाले, पण हातातली झेंडी सुटली नाही, त्यांनी दाखवल्याशिवाय काही हलायचं नाही. आणि बायकांतर्फे मी… हसू नकोस. एकटीच आहे मी, बाकी सगळे पुरुष.

तर घरोघरी फॉर्म वाटले. आपणास कोणती दुकाने हवीत? एकशे बारा घरं, एकशे बारा फॉर्म. मी स्वतः मीटिंगमध्ये मोठ्याने वाचले. सलून, पानाचं दुकान, स्कूटर दुरुस्ती, पानाचं दुकान, चहा, व्हिडिओ कॅसेट लायब्ररी, पुन्हा पान… गिरणी? एकानेही लिहिली नाही गं! एकाही माणसाने नाही!… का म्हणजे? फॉर्म भरले कोणी? पुरुषांनी. त्यांना वाटतं पीठ डब्यात आपोआप उगवतं… तुझ्या दादांनी काय लिहिलं माहितीय? कॅरम क्लब! तीन वर्षांत कॅरमला हात लावला नाही त्या माणसाने.

नाही, पण खरं सांगू का, चूक माझीही आहे. एकशे बारा फॉर्म मी वाचले, टेबलाशी बसून मान डोलावली, आणि माझ्या लक्षातच आलं नाही. बायकांतर्फे म्हणे! नऊ गाळे ठरवून मोकळे झालो. दोन पानवाले आहेत त्यांच्यात… हो, दोन! एक साधा आणि एक मसाला असेल. आणि दहावा गाळा, टाकीजवळचा, तो व्हिडिओ लायब्ररीवाल्याला द्यायचा असं जवळजवळ नक्की झालं होतं. आणि मग शनिवारी माझं पीठ संपलं.

हॅलो?… काय हो?… तीन मिनिटं झाली? वाढवा, वाढवा. नाही नाही, तोडू नका, महत्त्वाचं आहे… मयत? नाही हो बाई, मयत नाही, दळण आहे!

हं पुष्पा. तर शनिवारी डबा घेऊन निघाले, जुन्या गावात जायला. अडीच मैल. आठ महिने हेच चाललंय माझं. तुझे दादा स्कूटरवर डबा न्यायला लाजतात, पँटला पीठ लागतं म्हणतात. उन्हात उभी राहिले, रिक्षा नाही. डबा जड, कळण्याचं दळण, ज्वारी आणि उडीद मिळून चांगली दोन पायली. मग तो दहाव्या गाळ्याच्या ओट्यावर ठेवला, तिथे सावली असते म्हणून, आणि ऑफिसात आले, कौतिकला रिक्षा बघायला सांगायला. कौतिक म्हणजे आमचा शिपाई गं. त्याने चहा टाकला होता. बसले. अर्धा तास गेला असेल.

बाहेर येऊन बघते तर माझ्या डब्यामागे चार डबे!

अगं हो ना! ओळीने. एकाला एक टेकून. बंद शटरसमोर. त्यांना वाटलं, डबा लागलाय म्हणजे गिरणी सुरू झाली. आणखी कोणी काय विचारायचं? डब्यामागे डबा ठेवायचा आणि भाजी निवडायला घरी जायचं, तेच केलं त्यांनी. लिलाबाई म्हणून म्हाताऱ्या आहेत आमच्याकडे, जामनेरकडच्या, त्या तर शटरला कान लावून उभ्या. मला म्हणाल्या, ‘काय वं माय, पट्टा फिरस नही का अजून?’

हस, हस. किती दिवसांनी हसलीस गं!… नाही, मी काय सांगणार त्यांना? तोंड उघडलं होतं मी. म्हणणार होते, आजी, गिरणी नाही इथे, उचला डबा. पण ते चार डबे बघितले… आणि नाही म्हटलं मी. ‘येईल हो, फिरेल पट्टा,’ असं म्हटलं. आणि माझाही डबा तिथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी आले. त्या रात्री भात खाल्ला आम्ही. दुसऱ्या दिवशीही भातच. तुझे दादा म्हणाले, सासुरवाडी कोकणात आहे का माझी?

संध्याकाळी एकोणीस डबे. रविवारी दुपारपर्यंत त्रेसष्ट.

त्रेसष्ट, हो! मोजलेत मी. पितळी, स्टीलचे, तेलाचे चौकोनी, एकाने तर कुकरच लावलाय. झाकणांवर चिठ्ठ्या. गहू बारीक, ज्वारी, गहू जाडसर लाडवांचे. आणि पुष्पा, बायका तिथे बसायला लागल्या गं. उगाच. आपला डबा आहे ना म्हणून. आठ महिने झाले मला इथे, शेजारणीचं नाव माहीत नव्हतं. कमलबाई! पाचोऱ्याच्या आहेत, त्यांची आई माझ्या मावशीच्या गल्लीत राहायची. हे मला डब्यांपाशी बसल्यावर कळलं. त्या थर्माकोलमध्ये साहेबांनी बागेत बाक ठेवलेत, तिथे चिटपाखरू फिरकत नाही.

आणि ऐक, लताबाई म्हणून आहेत. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स. आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे त्यांच्या. कोणाशी फार बोलत नाहीत. त्या ड्यूटीवरून येताना थांबल्या, रांग बघितली, घरी गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तीनदा येऊन बघून गेल्या, आहे ना जागेवर. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ताई, गिरणीवाला कोण येणार? त्याला तेवढं सांगाल का, आमचा डबा जिथे आहे तिथेच राहू दे म्हणून.’ लहानपणी त्यांच्या गावच्या गिरणीत त्यांचा डबा शेवटी घ्यायचे गं. सगळ्यांचं झाल्यावर. आठ वर्षांची पोर दिवसभर उभी… माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि तेव्हा तू आठवलीस. तुमच्या गिरणीवर ती सोन्याच्या बांगड्यांवाली बाई आली होती बघ, हिच्यानंतर माझं दळू नका म्हणत. मी होते तिथे. तू तिचा डबा उचलून तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, रांग पसंत नसेल तर घरी जात्यावर दळा… आठवत नाही काय, मला पाठ आहे ते! हातभर पीठ, भुवया पांढऱ्या, आणि आवाज असा की पट्टासुद्धा घाबरून थांबावा. म्हणून तूच पाहिजेस मला इथे. दुसरा कोणी नको.

नाही, दुसरे मिळतही नाहीत म्हणा. जुन्या गावात दोघांना विचारलं. एक म्हणाला लांब पडतं, दुसरा म्हणाला कॉलनीतले लोक ब्रेड खातात… हो ना! त्याला म्हटलं, ये बघायला.

तोतारामभाऊ? अगं तीच तर गंमत. रविवारी सकाळी व्हिडिओवाल्याला घेऊन आले, गाळा दाखवायला. डबे बघून असे भडकले! हे काय, रेशनचं दुकान आहे का, कोणी ठेवले, उचला, आत्ताच्या आत्ता उचला! कौतिक उचलायला वाकला, आणि पहिलाच डबा हातात आला तो कोणाचा? पत्र्याचा लाल, त्याच्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत, ‘तोताराम भिका, गार्ड, भुसावळ’!… त्यांच्याच घरातून आलेला! चौदावा होता रांगेत… काय बोलतात? डबा ठेवायला सांगितला परत. सरळ ठेव म्हणाले, ओळीत. व्हिडिओवाला बघतच राहिला.

पण आहेत ते शिस्तीचे. म्हणाले, प्रमिलाबाई, डब्यांनी अर्ज होत नाही. गिरणीवाला माणूस समोर उभा करा. मंगळवारी पाचच्या आत. नाहीतर व्हिडिओवाल्याचा अर्ज फोटोसकट माझ्या टेबलावर आहे. आज मंगळवार आहे, पुष्पा.

आवाज? तोही प्रश्न झाला. साहेबांनी नकाशात लिहिलंय ना, शांत परिसर. मी म्हटलं, दहाव्या गाळ्याला लागून टाकीचा पंप आहे, तो दिवसभर घरघरतो, त्याच्यात गिरणी कोणाला ऐकू जाणार? आणि मोठ्या मोटारीची लाइट पंपासाठी तिथपर्यंत आलेलीच आहे. पलीकडे घर नाही, भिंत लागून नाही कोणाची. देवाने नाही तर नकाशाने तरी ती जागा तुझ्यासाठीच सोडलीय… आता तू कारणं सांग. सांग ना, मी ऐकते.

हं… हं… ‘बाईमाणूस’? धुळ्याला नऊ वर्षं कोण चालवत होतं, मी?… नव्या वस्तीत लोक काय म्हणतील? लोक भात खाऊन कंटाळलेत, ते काही म्हणायच्या मनःस्थितीत नाहीत… राहायचं? आमची मागची खोली आहे की. भाईदासभाऊ जळगाव डेपोला बदली मागतील. ते तयार आहेत… हो, विचारलं. काल त्यांची गाडी इथे स्टँडवर लागली तेव्हा मी डबा घेऊन उभी होते, जेवणाचा. ते काय म्हणाले सांगू? म्हणाले, वहिनी, दिवाळीपासून घरात माणूस आहे पण आवाज नाही. मी ड्यूटीवरून येतो, ती ताट वाढते, आणि खिडकीतून, गिरणीच्या जागी झालेल्या त्या लॉजच्या पाटीकडे बघत बसते… अगं रडू नकोस. मला माहितीय. मालकाला जागा हवी होती, आठ दिवसांत सामान काढायला लावलं. तुझं काही चुकलं नाही त्यात. तुझ्या दळणाला कोणी कधी नाव ठेवलं का? मग?

हॅलो?… हो बाई, बोलतोय, बोलतोय… सहा? वाढवा अजून. हो, माझ्याच नावावर. तुम्ही सुद्धा ऐकताय वाटतं?… ऐका, ऐका, तुम्हीच सांगा तिला, जायला पाहिजे की नको?… बघ पुष्पा, ऑपरेटरबाई पण म्हणतात जा!

काय?… आबा.

हं.

ते खरंय. ते मला पण टोचतंय… नाही, मी आबांना दुखावून काही कर असं म्हणणार नाही. त्यांनी उभी केलेली गिरणी ती. तुझे सासरे असले तरी तुला शिकवली त्यांनी, मुलाला नाही शिकवली… हो. बंद झाल्यापासून मशीन मागच्या शेडमध्ये पडलंय, आणि तिकडे बघितलंसुद्धा नाही?… मशीनवर पोती टाकलीत तशीच?… जेवायला बसताना पण पाठ करून बसतात, शेड दिसू नये म्हणून… अरे देवा. हे तू मला सांगितलं नव्हतंस.

मग मी काय म्हणू आता. ‘माझी गिरणी धुळ्याबाहेर जाणार नाही’ म्हणाले तर ते म्हणतील तसं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला… नाही गं, रागावले नाही. खरंच नाही. मी जाईन रांगेपुढे आणि सांगेन. लिलाबाईंना सांगेन. लताबाईंना… त्यांना कसं सांगू, तेच कळत नाही. पण सांगेन. मीच म्हटलं होतं ना, पट्टा फिरेल म्हणून. मीच सांगायला हवं.

होळी आली गं. पुढच्या महिन्यात पापडांचे उडीद… जाऊ दे. जाऊ दे.

…पुष्पा, ती टकटक अजून येतेय.

नाही, लाइनीची नाही ही. लाइनीची टकटक अशी नसते. ही थांबून थांबून येते. टक टक टक, मग जरा थांबते, मग परत टक टक… वकिलांच्या घरी काही काम चाललंय का? सुतार वगैरे?… नाही? मग भिंतीपलीकडे काय आहे?… तुमचं मागचं अंगण? जिथे शेड आहे?

पुष्पा, मी गिरणीशेजारच्या घरात लहानाची मोठी झाले. हा आवाज मला झोपेतही कळेल. दगडाला टाकी लावतंय कोणीतरी. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने खाचा पाडतात, तो… तू मला काय समजावतेस, मी तुला सांगतेय! रिसीव्हर खाली ठेव आणि जाऊन बघ. ठेवू नकोस गं, बाजूला ठेव! फोन बंद करू नकोस! जा! पळ!

…

हॅलो? बाई, तुम्ही आहात का लाइनीवर?… झाली असतील नऊ मिनिटं, होऊ देत. ती बघायला गेलीय. एक मिनिट थांबा हो. तुमच्या घरी दळण कोण आणतं?… तुम्हीच ना? ड्यूटी करून? मग थांबा.

…टकटक थांबली. तुम्हाला ऐकू येतंय का? थांबली.

…

हॅलो? पुष्पा? काय झालं?… आधी श्वास घे. अगं रडतेस की हसतेस?… आबा?… पोती काढून टाकलीत? सगळी?… दगड अंगणात घेतलेत, चष्म्याला दोरी बांधून बसलेत… भाजीला गेल्यावर लगेच बसले म्हणजे, तू नसताना!… भाईदासभाऊंनी काल त्यांच्या कानावर घातलं असणार. मला म्हणाले होते, पुष्पाशी तुम्ही बोला, आबांचं मी बघतो. मला वाटलं, हा माणूस काय बोलणार!… अगं पण आबा काय म्हणाले? तुला बघून काय म्हणाले?

…

‘वरचा दगड झाला, खालचा दुपारपर्यंत होईल. तू सहीला जा.’ एवढंच?… आणि? अजून काहीतरी विचारताहेत?… मला? जोरात सांग, ऐकू येत नाही… ‘वहिनीला विचार, रांग केवढी आहे.’

सांग त्यांना, त्रेसष्ट! त्रेसष्ट डबे म्हणावं! ज्वारी जास्त आहे, गहू कमी, आणि पहिला डबा कळण्याचा, आमचाच… हो, आबांनाही आणा, मशीन येईल त्या ट्रकवर दगडांबरोबर बसून येतील ते, कोणाचं ऐकणार आहेत! तू आता निघ. भाजी राहू दे तिथेच. लुगडं बदलत बसू नकोस, आहे तशी ये… आणि पुष्पा, लताबाईंचा डबा सत्ताविसावा आहे. सव्वीस झाल्यावर त्यांचा. मी त्यांना तुझं नाव सांगून… हॅलो?… पुष्पा?… हॅलो?

तुटली वाटतं.

कौतिक! अरे कौतिक, चहा राहू दे. बाहेर जाऊन लिलाबाईंना सांग, डबा उचलू नका म्हणावं. तीन वाजता स्टँडवर मला एक रिक्षा पाहिजे. आणि तोतारामभाऊंना सांग, मीटिंग पाचलाच ठेवा.